पराभवाचा धनी कोण?

निवडणुकींत पक्ष हरला कीं अपराध्याचा शोध सुरू होतो. आणि बहुधा तो स्वतःचें घर सोडून इतरत्र चालतो. कोणी पुढाऱ्याच्या एखाद्या भाषणाकडे बोट दाखवितो, तर कोणी मतदारांच्या बुद्धीचीच कीव करतो. नाचतां येईना अंगण वाकडें, या म्हणीचा हा राजकीय अवतार होय. तथापि हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. त्याच्या उत्तरावर पक्षाचें पुढील आयुष्य अवलंबून असतें.

इंग्लंडांतील १९४५ सालची निवडणूकच पाहा. ५ जुलै रोजीं मतदान झालें. दूरदेशींच्या सैनिकांचीं मतें यावयाचीं असल्यामुळें निकाल २६ जुलैस लागला. यूरोपांतील युद्ध नुकतेंच जिंकलेलें. चर्चिल यांची कीर्ति कळसास पोंचलेली. असें असतांही मजूर पक्षास ३९३ जागा मिळाल्या, आणि हुजूर पक्ष आपल्या मित्रांसह सुमारें २१३ वर आला. पॉट्सडॅमच्या परिषदेंतून निकालासाठीं मायदेशीं आलेले चर्चिल परत गेलेच नाहींत; त्यांच्या खुर्चीवर ॲटली जाऊन बसले.

मग दोषारोप सुरू झाले. समाजवाद्यांस गेस्टापोसारखी यंत्रणा उभारावी लागेल, असें चर्चिल ४ जूनच्या नभोवाणीवरील भाषणांत बोलून गेले होते. त्यानेंच घात केला, असें कित्येक म्हणाले. भाषण अनुचित होतें खरें; परंतु लोकमताच्या चांचण्यांत मजूर पक्ष १९४३ पासूनच पुढें होता. कोणी सैनिकांस दोष दिला. परंतु अडीच कोटी मतांत तीं मतें १७ लाखांच्या आसपास, आणि दोन पक्षांतील अंतर सुमारें २० लाखांचें!

खरें कारण जुनें होतें. १९३० नंतरची बेकारी आणि १९३८ चा म्युनिक करार लोक विसरले नव्हते. डिसेंबर १९४२ मध्यें बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल निघाला, तेव्हां तो लोकांनीं उत्सुकतेनें विकत घेतला. हुजूर पक्षानें मात्र त्याचें स्वागत हातचें राखून केलें. युद्धांत गढलेल्या नेत्यास घरचा असंतोष दिसला नाहीं, हा नेत्याचा दोष. ज्यांस दिसला त्यांनीं तो त्याच्या कानीं नेटानें घातला नाहीं, हा सहकाऱ्यांचा दोष. ज्याच्या हातीं निर्णयाचा अधिकार, त्याच्या माथीं पराभवाचा पहिला वाटा. गप्प राहणाऱ्यांचा दुसरा. मतदाराचा वाटा आमच्या मतें शून्य होय. कारण मत हें कांहीं पक्षाचें येणें नव्हे कीं तें बुडविल्याचा आळ मतदारावर यावा.

जनतेस कृतघ्न म्हणण्यास स्वतः चर्चिल यांनींही नकार दिला, हें त्यांस भूषणावह आहे. पुढें वूल्टन यांनीं पक्षाची संघटना नव्यानें बांधली. बटलर प्रभृतींनीं १९४७ सालीं औद्योगिक धोरणाचा जो मसुदा काढला, त्यांत मजूर सरकारचे कित्येक बदल मान्य केले. १९५१ सालीं पक्ष ३२१ जागांसह सत्तेवर परतला. त्या वेळींही एकूण मतें मजूर पक्षासच अधिक पडलीं होतीं, म्हणून हा निर्भेळ विजय नव्हे. तरी सहा वर्षांत एवढी मजल मारतां आली, ती पक्षानें अंगणास दोष न देतां आपलीं पावलें तपासलीं म्हणूनच.

त्या पराभवाशीं आपलाही संबंध आहे. १९४७ चें सत्तांतर ॲटली सरकारच्या हातून झालें. आपल्याकडे मतपेट्यांचा निकाल लागतो, तेव्हां हरलेल्यांचे पहिले उद्गार आम्ही कान देऊन ऐकतों. ते उद्गार लोकांस दूषण देणारे निघाले, तर त्या पक्षाचा पुढील पराभवही तेथेंच सुरू झाला, असें खुशाल समजावें.