चूक कोणाची, किंमत कशाची? मोटार अपघाताच्या भरपाईचा इतिहास, सोलापुरातून पाहिलेला

आजचा विषय ऐकून कुणाला वाटेल, हे तर वकिलाचं काम, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? पण बघा, सोलापुरातून पुण्याला, हैदराबादला, विजयपूरला, तुळजापूरला, अक्कलकोटला, पंढरपूरला रस्ते फुटतात. या रस्त्यांवरच्या अपघाताची बातमी आपण रोज वाचतो आणि ती बहुतेक वेळा एकाच वाक्यावर संपते: पोलिसांत नोंद झाली. घरात खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. भरपाई कोण देणार, किती देणार, कोणाकडे मागायची? या प्रश्नांची आज जी उत्तरं आहेत ती एका दिवसात तयार झालेली नाहीत. त्यांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात सोलापूरच्या माणसालाही जागा आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये करावी लागते, कारण आपला कायदा तिथून आला. 1808 साली तिथे एक घोडागाडी उलटली. गाडीवर बसलेली एक बाई जखमी झाली आणि महिनाभराने गेली. नवऱ्याने दावा लावला. कोर्ट म्हणालं, बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांचं नुकसान मिळेल; माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात भरपाई मागण्याजोगी इजाच नाही. म्हणजे गाडीवाल्याने माणूस जखमी केला तर पैसे द्यायचे आणि मारून टाकला तर सुटला! हा विचित्र नियम पुढे जवळजवळ चाळीस वर्षं चालला. मग रेल्वे आली, अपघात वाढले आणि 1846 मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून मृताच्या कुटुंबाला हक्क दिला.

आपल्याकडे 16 एप्रिल 1853 ला मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि दोनच वर्षांनी, 1855 साली, प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, म्हणजे सोलापूरकरांच्या दाराशी गाडीच्या आधी कायदा आलेला होता. पण कागदावर. या कायद्याने हक्क दिला तो नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांना. भाऊ त्यात नाही. आपल्याकडे थोरल्या भावाच्या जिवावर अख्खं खटलं चालायचं, पण इंग्रजांच्या कुटुंबाच्या कल्पनेत ते बसत नव्हतं. शिवाय दिवाणी दावा लावायचा, मुद्रांक भरायचा, साक्षीदार आणायचे आणि समोरच्याची चूक सिद्ध करायची. मोलमजुरी करणाऱ्याच्या विधवेला हे कसं जमणार?

आता दुसरा धागा. 1877 साली सोलापुरात कापडाची गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी मिल. पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. यंत्रात हात गेला तर काय, हा प्रश्न सोलापूरच्या कामगाराला रोजचा होता. 1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. त्यात मोठी गोष्ट अशी की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नव्हती. काम करताना इजा झाली, एवढं दाखवलं की ठरलेल्या हिशेबाने पैसे. म्हणजे गिरणीच्या फाटकाच्या आत चूक न दाखवता भरपाई मिळत होती, आणि त्याच कामगाराला फाटकाबाहेर मोटारीने उडवलं तर मात्र चूक सिद्ध करा! ही विसंगती जवळजवळ साठ वर्षं टिकली.

मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 चा. त्यात परवाना होता, नोंदणी होती. अपघातग्रस्ताची फारशी दखल नव्हती. 1939 चा कायदा महत्त्वाचा. त्याने सांगितलं की रस्त्यावर गाडी आणायची तर तिसऱ्या माणसासाठी विमा हवाच. हे कलम प्रत्यक्ष लागू व्हायला 1 जुलै 1946 उजाडला. यामागचं तत्त्व साधं आहे. ट्रकवाल्याकडे पैसे नसतील, पण विमा कंपनीकडे असतील. ज्याला धडक बसली त्याचं नशीब धडक देणाऱ्याच्या खिशावर अवलंबून राहू नये.

तरी जायचं कुठे? दिवाणी कोर्टातच. म्हणून 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय केली. नाव मोठं वाटतं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम जिल्हा न्यायाधीशच पाहतात. दावा मागायचा हक्कही रुंद झाला: 'कायदेशीर प्रतिनिधी' असा शब्द आला. त्याच्या आधारे 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाऊसुद्धा मागू शकतो. 1855 च्या कायद्याने दाराबाहेर ठेवलेला भाऊ 132 वर्षांनी आत आला.

चुकीचं काय झालं? 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. यावर संसदेने 1982 मध्ये उत्तर दिलं: मृत्यूला 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500 रुपये, चूक कोणाची हे न विचारता. रक्कम लहान होती, पण गिरणीच्या फाटकाआतला नियम अखेर रस्त्यावर आला. 1988 च्या नव्या कायद्यात ती 25,000 आणि 12,000 झाली, 1994 ला 50,000 आणि 25,000. आज चूक न दाखवता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी तरतूद आहे. ठोकून पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000.

पण पूर्ण भरपाई हवी, तर चूकही दाखवावी लागते आणि उत्पन्नही. इथे माझ्या मते या इतिहासातला सगळ्यांत अवघड प्रश्न येतो. माणसाची किंमत कशी काढायची? 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणकांचा तक्ता ठरवून दिला आणि 2017 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भविष्यातल्या वाढीचे टक्के ठरवले. उदाहरण घेऊ. समजा, 38 वर्षांची विडी कामगार बाई, महिना 12,000 रुपये उत्पन्न धरलं, मागे चार अवलंबून. वर्षाचे झाले 1,44,000. चाळिशीच्या आतली आणि पगारी नोकरी नाही, म्हणून 40 टक्के वाढ: 2,01,600. तिचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा: 1,51,200. या वयाचा गुणक 15. उत्तर 22,68,000, आणि वर अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा.

गणित सोपं आहे हो. अडचण पहिल्या आकड्यात आहे. 12,000 हे कोण सिद्ध करणार? विडी घरी वळली जाते, मजुरी हजारी दराने. कार्डावर जेवढ्या विड्या, तेवढंच उत्पन्न कागदावर. आणि पहाटेचं पाणी, भाकरी, सासूचं औषधपाणी, पोरांची शाळा, याची नोंद कोणत्या कार्डावर? 1994 च्या तक्त्यात बिनकमाईच्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न 15,000 धरलं होतं, आणि पत्नी कमावती नसेल तर नवऱ्याच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे महिना 3,000 धरले. 2010 मध्ये त्याच न्यायालयाने जनगणनेवर ताशेरे ओढले, कारण गृहिणींना तिथे भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं. ज्या शहरात गिरण्या बंद पडत गेल्यावर कितीतरी घरं बायकांच्या विडीवर तगली, त्या शहराने हा मुद्दा विसरू नये. कार्ड, पासबुक, मजुरीच्या चिठ्ठ्या जपून ठेवा; वेळ आली तर तोच पुरावा.

आता वकिलाची गोष्ट. दवाखान्याच्या व्हरांड्यातच कुणी भेटतं आणि म्हणतं, आधी काही देऊ नका, मिळाले की एवढे टक्के. अमेरिकेत ही पद्धत कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही. 1954 साली मुंबईच्या एका वकिलाने अशिलाकडून वसुलीचा निम्मा वाटा लिहून घेतल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तो व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरला. न्यायालयाचं म्हणणं असं की दाव्यात ज्याचा स्वतःचा वाटा गुंतला, तो तटस्थपणे सल्ला देऊ शकत नाही. बार कौन्सिलचे नियमही टक्केवारीला मनाई करतात. तरी ती चालते, कारण ज्याच्या हातात आज पैसा नाही त्याला दुसरी वाट माहीत नसते. ती वाट आहे. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 पासून लागू आहे. त्यानुसार कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांनाही हा हक्क आहे. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 15100 वर फोनही लावता येतो.

मुदतीचा इतिहास तर फिरत्या चाकासारखा आहे. 1956 च्या दुरुस्तीत दाव्याला 60 दिवस होते. पुढे सहा महिने झाले. 1994 ला मुदतच काढून टाकली. 2019 च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले, 1 एप्रिल 2022 पासून. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण घरच्यांनी आपले सहा महिनेच धरून चालावं. पोलिसांवरही आता बंधन आहे: पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे. तो आला तर त्यालाच अर्ज समजण्याची तरतूद कायद्यात आहे. गाडी कुठेही धडकली असो, दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो. तेलंगणात अपघात झाला म्हणून हैदराबादला खेटे घालायला नकोत. लोकअदालतीत तडजोड करताना मात्र एक लक्षात ठेवा: तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी आपला हिशेब आपण मांडलेला असावा.

शेवटचं एक पान अगदी ताजं आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात, म्हणजे इतकी वर्षं मुंबई. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा तिकडे जोडला गेला. 1808 ला कोर्टाने मृत्यूची भरपाईच नाकारली होती. तिथून इथवर जे मिळालं ते टप्प्याटप्प्याने, आणि बहुतेक वेळा कुणीतरी साधा माणूस मागायला गेला म्हणून मिळालं. मोजणीत घरकामाची पूर्ण किंमत अजून बसलेली नाही. तीही मागितल्याशिवाय बसणार नाही.