खांद्यावरचा हुद्दा आणि वॉर्डातला मान



या मालिकेत आपण लढाया, सेनापती आणि किल्ले यांच्याबद्दल पुष्कळ बोललो. आज विषय थोडा वेगळा आहे. लढाई संपल्यावर जखमी जवान ज्यांच्या हाती सोपवला जातो, त्या परिचारिकांचा. त्यांच्या सेवेचं कौतुक सगळेच करतात, त्यामुळे तेवढ्यासाठी हा भाग करायची गरज नव्हती. मला बोलायचं आहे ते त्यांना कामाच्या जागी मिळणाऱ्या वागणुकीबद्दल. डॉक्टरांचं ओरडणं, नातेवाइकांची अरेरावी आणि त्याहून कमी बोललं जाणारं असं, वरिष्ठ परिचारिकांनी नव्या मुलींना दिलेला त्रास. हे सगळं आलं कुठून? माझ्या मते याला इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय उपाय सापडायचा नाही.

सुरुवात क्रायमियन युद्धापासून करू. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारी इथल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. आपल्याला शाळेत हातात दिवा घेतलेली बाई शिकवली गेली. पण पहिल्या दिवशी काय झालं ते शिकवलं नाही. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. सरकारने पाठवल्या म्हणून परत धाडता येईनात, इतकंच. नाइटिंगेलबाईंनी तेव्हा जे केलं ते डावपेच म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर सांगत नाहीत तोवर कुठल्याही परिचारिकेने रुग्णाला हात लावायचा नाही, असा त्यांनी आपल्याच माणसांना हुकूम दिला. बायका कापड शिवत, पट्ट्या करत बसल्या. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली, जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनी आपणहून मदत मागितली.

दार उघडलं, पण त्याची किंमत ठरली: आज्ञापालन. परिचारिका वॉर्डात येईल, पण डॉक्टरच्या शब्दाबाहेर जाणार नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा सुरू झाली, तिथेही शिस्त आणि चारित्र्य यांवर मोठा भर होता. त्या काळात ते गरजेचंही होतं, कारण आधीच्या परिचारिकांची प्रतिमा दारूबाज, अडाणी बायकांची होती. पण तात्पुरता तह कायमचा कायदा होऊन बसतो, हे आपण इतिहासात अनेकदा पाहिलंय. युद्धकाळात केलेला तो तह पुढे जगभरच्या रुग्णालयांत रीत होऊन बसला.

आता भारतात येऊ. १८८८ च्या सुरुवातीला दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. कॅथरीन ग्रेस लॉक या त्यांच्यातल्या प्रमुख अधिकारी. भारतातल्या लष्करी नर्सिंगची ही सुरुवात. पुढे १९२६ साली इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४३ च्या अध्यादेशाने या सेवेला लष्कराचा भाग मानलं गेलं आणि परिचारिकांना कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. खांद्यावर हुद्दा आला.

इकडे नागरी समाजात काय चाललं होतं? आपल्याकडे परक्या माणसाचं मलमूत्र काढणं, जखम धुणं हे काम सोवळ्याओवळ्याच्या आणि जातीच्या हिशेबात खालचं. त्यातून बाईने रात्री घराबाहेर राहून परपुरुषाची शुश्रूषा करायची, म्हणजे दुहेरी बट्टा. म्हणून सुरुवातीला या पेशात युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती मुलीच मोठ्या संख्येने दिसतात. या भिंतीला तडा देणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचं नाव आदराने घ्यायला हवं. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या विधवा, परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून रमाबाईंनी खटपट केली. एकेका घराची समजूत घालावी लागत होती. लोक नर्सची सेवा घ्यायला तयार होते, पण घरातल्या लेकीसुनेने नर्स व्हावं हे त्यांना चालत नव्हतं. हा दुटप्पीपणा नीट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा पाहा: देशात साधारण ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, तर ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. म्हणजे डॉक्टरांपेक्षा परिचारिकांची टंचाई कितीतरी मोठी. समितीने त्यांच्या कामाच्या परिस्थितीवरही कडक शब्दांत ताशेरे ओढले. कामाचा बोजा प्रचंड, राहण्याची सोय वाईट, पगार तुटपुंजा. देश स्वतंत्र झाला, १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, पण वॉर्डातली उतरंड फारशी हलली नाही.

आता पुन्हा लष्कराकडे. २७ ऑगस्ट १९७६ रोजी गर्ट्रूड अॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांतल्या या पहिल्या महिला जनरल, आणि त्या परिचारिका होत्या. अमेरिकेतही १९७० साली पहिली महिला जनरल झाली ती अॅना मे हेज, त्याही नर्सिंग कोअरच्याच. पण मी अनेक सभांमध्ये विचारून पाहिलंय, भारताची पहिली महिला जनरल कोण? इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, उत्तर देणारा क्वचित भेटतो.

आणि याच सेवेत, पहिली महिला जनरल झाल्यानंतर एकाच वर्षात, १९७७ साली एक आर्मी इन्स्ट्रक्शन निघाली. तिच्यानुसार नर्सिंग सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने लग्न केलं की तिची सेवा संपवता येत होती. १९८८ साली एका लेफ्टनंटला याच कारणावरून घरी पाठवलं गेलं. तिचा नवराही लष्करातलाच अधिकारी. त्याच्या लग्नाने त्याच्या नोकरीला काही झालं नाही. हा नियम १९९५ साली मागे घेतला गेला. त्या अधिकाऱ्याचा लढा मात्र फेब्रुवारी २०२४ पर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि पुरुषप्रधान ठरवला आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. छत्तीस वर्षं! एवढ्या काळात मुलगा जन्मून, शिकून, मेजर होतो.

नोकरीत असताना मी अनेक छावण्या पाहिल्या. एका ठिकाणी पंचविशीचा एक तरुण अधिकारी आपल्याहून दोन-तीन हुद्दे वरच्या मेट्रनबाईंसमोरून खुशाल हात न उचलता जाताना मी पाहिलाय. विचारलं तर म्हणाला, "सर, त्या सिस्टर आहेत." म्हणजे खांद्यावरचा हुद्दा त्याला दिसतच नव्हता. सॅल्यूट कुणी कुणाला करायचा, यावर या सेवेला कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. सैन्यात जिथे मान हुद्द्याने मोजला जातो तिथे ही गत, तर जिथे हुद्दाच नाही तिथे काय असेल?

जिथे हुद्दा नाही तिथलं एक उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग. मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कामावरून त्यांनी त्याला खडसावलं होतं, हा त्याचा राग. त्याला शिक्षा झाली सात वर्षांची. त्या मात्र ४२ वर्षं अंथरुणाला खिळून राहिल्या. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या, कामाच्या जागी सुरक्षितता मागितली. आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या बदलल्या तरी केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. अनेक सैनिकी पलटणींनी शिकावा असा हा बंधुभाव, खरं तर भगिनीभाव. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं, तेव्हा आदेशात अरुणा शानबाग यांची आठवण काढावी लागली. मधे पन्नास वर्षं गेली होती.

पण मंडळी, नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या पेशात असा भगिनीभाव आहे, त्याच पेशात नव्या मुलींचा छळही होतो. १९८६ साली ज्युडिथ माइसनर या अमेरिकन परिचारिकेने लेख लिहून आपल्याच मैत्रिणींना विचारलं, आपण आपलीच पिल्लं खातोय का? तो प्रश्न जगभर गाजला, कारण सगळ्यांना तो ओळखीचा वाटला. आपल्याकडेही बघा. हातात ड्यूटीचं वेळापत्रक असलं की शिक्षा करायला छडी लागत नाही. न आवडणाऱ्या मुलीला लागोपाठ रात्रपाळ्या, सणाला रजा नाही, सगळ्यात अवघड वॉर्ड, रुग्णांसमोर पाणउतारा. तक्रार कुणाकडे करायची? परिसेविकेकडे, मग अधिसेविकेकडे, म्हणजे बहुधा ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्याचकडे.

हे असं का होतं? आम्हा फौजींना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या अकादम्यांत 'रगडा' असतो. सीनियर जूनियरला रगडतो, कारण त्याला कुणीतरी रगडलेलं असतं. चांगला कमांडर तो जो रगडा आणि छळ यांतली रेघ ओळखतो. रगड्यातून सहनशक्ती वाढू शकते, अपमानातून फक्त भीती आणि सूड वाढतो. रुग्णालयात वरून येणारा दाब कुठे जाणार? डॉक्टर वरिष्ठ परिचारिकेवर ओरडतो, ती उलट बोलू शकत नाही, मग ती नव्या मुलीवर ओरडते. नवी मुलगी आयाबाईवर. पाणी उतारानेच वाहतं.

याचा फटका फक्त परिचारिकांनाच बसतो असं समजू नका. १९६७ साली लिओनर्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने डॉक्टर आणि नर्स यांच्यातल्या 'खेळा'वर लेख लिहिला. त्याचं निरीक्षण असं की नर्सला रुग्णाबद्दल नेमकं ठाऊक असतं, पण ती ते सरळ सांगत नाही. सुचवते अशा बेताने की कल्पना डॉक्टरलाच सुचली असं वाटावं. स्कुटारीचा तह शंभर वर्षांनंतरही चालू होता तो असा. आता विचार करा, औषधाची मात्रा चुकीची लिहिली गेली आहे, मध्यरात्र आहे, आणि गेल्या वेळी शंका विचारली म्हणून जिचा सगळ्यांसमोर अपमान झाला होता ती मुलगी ड्यूटीवर आहे. ती डॉक्टरला उठवेल का? सीमेवर जो संतरी खोट्या इशाऱ्याबद्दल शिव्या खाऊन बसलाय, तो पुढच्या वेळी झुडूप हललं तर गप्प बसतो. मग चौकी जाते. वॉर्डात पलंगावर आपली आई असू शकते.

पगाराचा मुद्दाही मानाचाच आहे. खासगी रुग्णालयांत प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची आणि बाँडखाली राबवायचं, याविरुद्ध केरळपासून दिल्ली-मुंबईपर्यंत आंदोलनं झाली. जानेवारी २०१६ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने सांगितलं की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० खाटांवरच्या रुग्णालयांनी सरकारी वेतनाची बरोबरी करावी. केरळने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतरत्र ही शिफारस बरीचशी कागदावरच राहिली.

आणि आता तो दुटप्पीपणा. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत घरमालक परिचारिकांना खोल्या खाली करायला सांगत होते. महिन्याभरात, २२ एप्रिलला, केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा. मे महिन्यात कोलकात्यातून मणिपूरच्या दीडशेहून अधिक परिचारिका राजीनामे देऊन घरी गेल्या. त्यांच्या तक्रारींत चेहरेपट्टीवरून मारलेले टोमणेही होते. रमाबाईंच्या काळातला माणूस आणि थाळी वाजवणारा माणूस यांत फार अंतर नाही.

मग करायचं काय? सैन्यातल्या अनुभवावरून तीन गोष्टी सांगतो. एक, तक्रार ऐकणारा माणूस त्या वॉर्डाच्या साखळीबाहेरचा हवा. दोन, ड्यूटीचं वेळापत्रक भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लागलं पाहिजे, रात्रपाळ्या मोजता आल्या पाहिजेत. तीन, शंका विचारणाऱ्याला शिक्षा नाही, हा नियम रुग्णालयाच्या प्रमुखाने स्वतः पाळून दाखवला पाहिजे, कारण पलटण कमांडरकडे बघून चालते.

आणि आपण, रुग्णाचे नातेवाईक? 'ए सिस्टर' अशी हाक मारण्याआधी छातीवरची नावाची पट्टी वाचावी. 'ताई' म्हणा, 'मॅडम' म्हणा, नावाने आदरार्थी बोला. सलाइन संपलं तर सांगा, खेकसू नका. तिच्याकडे तुमच्यासारखे तीस-चाळीस रुग्ण असू शकतात.

मेजर जनरल राम यांचं नाव आज ऐकलंत, तर घरातल्या मुलामुलींना सांगा. लष्करात भरती व्हायला निघालेल्या मुलीला सांगा, आणि नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलीला तर नक्कीच. तिच्या या निर्णयावर घरात कुणी नाक मुरडलं, तर त्या माणसाला हा भाग ऐकवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.