कोमार्बा
मध्ययुगीन गेलिक मठांत संस्थापक संताच्या गादीवर बसणारा वारस. जुन्या आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सहवारस’. मठाच्या जमिनी, उत्पन्न आणि संताचे अवशेष यांवर त्याचा अधिकार चाले. मात्र तो धर्मदीक्षा घेतलेला असेच असे नाही. आयोना मठाचे (स्थापना ५६३) आरंभीचे बहुतेक मठाधिपती संस्थापक संत कोलंबाच्याच कुळातले होते. आर्मा येथील संत पॅट्रिकची गादी तर क्लान शीनाख घराण्याने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पिढ्यानपिढ्या राखली. तिच्यावरचे आठ जण विवाहित आणि दीक्षा न घेतलेले होते, अशी संत बर्नार्डची कडवट तक्रार आहे. ती चर्चमधील सुधारकांच्या बाजूने केलेली आहे, हे विसरू नये. त्याच घराण्यातील केलाखने ११०५ मध्ये गादीवर येताच दीक्षा घेतली आणि ११०६ मध्ये तो बिशप झाला.