आखूड नळी, चपळ दारू : रिव्हॉल्वरच्या काडतुसात दडलेले गणित

‘काडतूस’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांच्या ‘कार्तूश’वरून घेतला, आणि ‘पिस्तूल’ही त्याच वाटेने आले. शब्द आले, रुळले. वस्तूच्या पोटात काय असते याची ओळख मात्र फारशी झाली नाही. ‘जिवंत काडतूस’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्दप्रयोग. पण ज्या पदार्थामुळे ते ‘जिवंत’ ठरते, त्या दारूविषयी आपण क्वचितच काही वाचतो. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी कॅप, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी आणि या दोहोंच्या मधे असलेली दारू, अशी काडतुसाची रचना असते. यांतील पहिल्या तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात. चौथी दिसत नाही, आणि शस्त्र नीट चालेल की चालवणाऱ्याच्या हातात फुटेल, हे ठरवण्यात मोठा वाटा तिचाच असतो.

कोणत्या शस्त्राला कोणती दारू, हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो तो दोन-तीन इंच नळीच्या छोट्या रिव्हॉल्वरमध्ये. इंग्रजीत या रिव्हॉल्वरला ‘नकट्या नाकाचे’ म्हणतात. अमेरिकेसारख्या देशांत अशा शस्त्राची काडतुसे घरी भरण्याचा छंद आहे आणि दारूच्या निवडीवर तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत. भारतात हे काम कारखान्याचे आहे, आणि कायद्यानेही तसेच ठरवलेले आहे. तरीही निवडीमागचे शास्त्र परवानाधारकाने जाणून घेण्याजोगे आहे, कारण ते कळल्याखेरीज कायद्याची सक्ती केवळ जाच वाटते.

आरंभ काळ्या दारूपासून करावा लागतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण गोव्याच्या भूमीला नवे नाही. रायबंदरहून जुन्या गोव्याकडे जाताना लागणाऱ्या पणेलिम येथे पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना होता. ‘काझा द पोल्व्होरा’ म्हणजे दारूघर या नावाने तो ओळखला जाई. मुंबईत रे रोडजवळच्या वस्तीला आजही ‘दारूखाना’ म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला त्या नावातून भलताच अर्थ लागतो, हे वेगळे.

काळ्या दारूचा मोठा दोष तिच्या राखेत आहे. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातला काही दाट पांढरा धूर होऊन डोळ्यांपुढे पसरतो, काही नळीला चिकटून बसतो आणि हवेतील ओल शोषून लोखंडाला गंज चढवतो. पण तिचा एक गुणही होता. ती पुंगळीत काठोकाठ भरायची असे. जागा संपली की माप संपले. त्यामुळे चुकून दुप्पट दारू भरली जाण्याची शक्यता काडतुसात जवळजवळ नव्हतीच. कोकणात आणि गोव्यात रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक अजूनही याच दारूवर चालते.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने ‘बॅलिस्टाइट’ आणली. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटिश सरकारसाठी दोरीसारख्या कांड्यांची ‘कॉर्डाइट’ तयार केली. कॉर्डाइट ही आपल्याच शोधाची नक्कल आहे, असे म्हणत नोबेलच्या कंपनीने लावलेला दावा शेवटी फेटाळला गेला. ब्रिटिशांनी कॉर्डाइटसाठी भारतात निवडलेली जागा होती निलगिरीतील अरुवंकाडू. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी उभा राहिलेला तो कारखाना आजही चालू आहे.

या नव्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आम्लसंस्कार केलेला कापूस किंवा लाकडाचा लगदा. काहींत जोडीला नायट्रोग्लिसरीनही असते. काळ्या दारूशी तिची तुलना केवळ धुरापुरती ठेवणे मात्र दिशाभूल करणारे आहे. तेवढ्याच वजनाची ही दारू कितीतरी अधिक वायू निर्माण करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या जळण्याचा वेग कारखानदाराला ठरवता येतो. कण चकतीसारखा करायचा, गोल करायचा की पोकळ नळीसारखा. जाड की पातळ. वरून जळण मंद करणारा लेप द्यायचा की नाही. यावरून एकाच रसायनाच्या वेगवेगळ्या प्रकृतीच्या दारू तयार होतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर पुष्कळशा दारू करड्या कणांच्या सारख्याच दिसतात. सारा धोका या सारखेपणात आहे.

गोव्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलेल्या कोणालाही हा वेगाचा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. सुके चुडत चुलीत सारले की भडका उठतो आणि पळभरात विझतो. फणसाचा ओंडका सावकाश पेटतो आणि तासभर धग देतो. चहाला चुडत पुरते, भाताच्या मोठ्या हंड्याला ओंडका हवा. रायफलची नळी लांब असते. गोळी तिच्यातून पुढे सरकत असताना मागून वायूचा रेटा टिकून राहावा लागतो, म्हणून तेथे सावकाश जळणारी दारू. दोन इंची नळीत गोळीचा प्रवास सुरू होतो न होतो तोच संपतो. सावकाश जळणारी दारू तेथे पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली दारू नळीच्या तोंडाशी हवेत पेटते. चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठी ज्वाळा, कानठळ्या बसवणारा आवाज, हाताला जबर झटका, आणि त्या मानाने गोळीच्या पदरात थोडेच. अंधारात अशी एक ज्वाळा दृष्टी काही क्षण निकामी करते. स्वसंरक्षणाचे म्हणून बाळगलेले शस्त्र त्या क्षणी आपल्याच धन्याला आंधळे करते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आखूड नळीत चपळ दारू नेहमी गोळीला अधिक वेग देते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. एकाच काडतुसात ज्या मंद दारूने लांब नळीत सर्वांत जास्त वेग मिळतो, तीच बहुधा दोन इंची नळीतही वेगात पुढे राहते. फरक असतो तो किमतीत. थोड्या अधिक वेगासाठी ज्वाळा, आवाज आणि झटका यांची मोठी किंमत मोजावी लागते, आणि अर्धा किलो वजनाच्या शस्त्रात ती परवडत नाही. म्हणून अनुभवी मंडळी आखूड नळीसाठी चपळ किंवा मध्यम चपळ दारू पसंत करतात. १८९८ मध्ये अमेरिकेत निघालेली ‘बुल्सआय’ ही चपळ दारू सव्वाशे वर्षांनंतरही बाजारात आहे, ती याच समजूतदारपणामुळे. रिव्हॉल्वरची आणखी एक अडचण असते. काडतुसे ज्या फिरत्या सिलिंडरमध्ये बसतात तो आणि नळी यांच्यात बारीकशी फट असते, आणि प्रत्येक बाराला काही वायू तेथूनच निसटतो.

१९२७ मध्ये कोल्ट कंपनीने दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणले आणि आखूड रिव्हॉल्वरची लोकप्रियता वाढली. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचे ‘चीफ्स स्पेशल’ आले. दोन्हींचे काडतूस एकच, .३८ स्पेशल. हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले आणि आरंभी त्यात काळी दारूच भरली जाई. तिच्यासाठी केलेली लांब पुंगळी पुढे धूरविरहित दारू आल्यावरही तशीच राहिली. नवी दारू मात्र थोडीच लागते, आणि त्यामुळे पुंगळीचा मोठा भाग रिकामा राहू लागला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या रिकाम्या जागेने दोन संकटे आणली. शस्त्र वर-खाली केले की दारू पुंगळीत पुढे-मागे सरकते आणि तीच काडतुसे कधी कमी, कधी अधिक दाब देतात. दुसरे संकट प्राणावर बेतणारे आहे. चपळ दारूचे माप इतके लहान असते की हाताने भरणाऱ्याने चुकून दोनदा भरले तरी पुंगळी ओसंडत नाही आणि चूक नजरेस पडत नाही. .३८ स्पेशलसाठी अमेरिकी मानकाने ठरवलेली कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे. दुप्पट दारूचा दाब दुपटीवर थांबत नाही. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, आणि अधिक वेगाने जळली की दाब आणखी चढतो. सिलिंडरची भिंत फुटते ती या चक्रामुळे.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. आवाज ‘फुस्स’ असा येतो, चालवणाऱ्याला बार फुकट गेला असे वाटते आणि तो पुन्हा चाप ओढतो. आधीची गोळी वाट अडवून बसलेली असते.

भारतात सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती येणारे रिव्हॉल्वर बहुधा .३२ बोअरचे असते. त्याचे काडतूस, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चे. दाबाला सौम्य, झटक्याला हलके. ९ मिमीसारखी लष्करी काडतुसे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचेच, टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘निडर’ .२२ बोअरचे असून त्याहूनही हलके. शस्त्र जितके हलके तितका झटका जास्त जाणवतो, म्हणून अशा रिव्हॉल्वरला सौम्य काडतूस लागते. बळ वाढवण्याच्या मोहाला येथे जागा नाही.

ही काडतुसे आणि त्यांतली दारू यांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडाशी ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसली तर ते काडतूस खडकीचे समजावे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लहान शस्त्रांची काडतुसे तयार करतो, तर भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला आणि मध्य प्रदेशातील इटारसीला दारू तयार होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ पुण्यात आहे. हे काम किती जोखमीचे असते याची आठवण २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यातील स्फोटाने करून दिली. त्यात आठ कामगारांचा बळी गेला. प्रशिक्षित माणसे, जाड भिंती आणि काटेकोर नियम असलेल्या जागीही असे घडू शकते. मग घरातल्या मेजावर काय घडेल, याचा अंदाज कोणीही बांधू शकतो.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ३ नुसार मिळणारा परवाना शस्त्र आणि दारूगोळा बाळगण्याचा असतो. दारूगोळा तयार करण्यासाठी कलम ५ खालचा वेगळा परवाना लागतो. पहिला हातात असला म्हणून दुसरा मिळाला असे होत नाही, आणि नेमका येथेच अनेकांचा घोटाळा होतो. या कायद्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप इतकी आहे. स्फोटकांच्या निर्मितीवर आणि साठ्यावर १८८४ च्या स्फोटक अधिनियमाचा अंमल चालतो, आणि तो पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

तेव्हा गोव्यातील परवानाधारकापुढे निवड उरते ती दारूची नव्हे, काडतुसाची. परवानाधारक विक्रेत्याकडचे, मूळ वेष्टनातील, आपल्या शस्त्रावर कोरलेल्या बोअरशी तंतोतंत जुळणारे काडतूस घ्यावे. कोणी ‘भरून दिलेले’ किंवा ‘जोर वाढवलेले’ काडतूस दाखवले तर ते हाती घेऊ नये. येथील चार महिन्यांच्या पावसात पितळेवर हिरवी कीट चढते आणि कॅप मंदावते; म्हणून काडतुसे हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, शस्त्रापासून वेगळी आणि कुलूपबंद ठेवावीत. किटलेली किंवा वाडवडिलांच्या काळची काडतुसे वापरून पाहण्याऐवजी पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे जमा करावीत.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर पुढचा बार मुळीच काढू नये आणि नळी मोकळी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. ठासणीच्या बंदुकीत काडतूस फोडून काढलेली करडी दारू किंवा जत्रेच्या दारूकामातली, फटाक्यांतली दारू कधीही घालू नये. त्या बंदुकीची नळी काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी घडवलेली असते, आणि ती फुटते तेव्हा धरणाऱ्याचा डावा हात नळीखालीच असतो.