कोठीची किल्ली कुणाकडे?

शाळेतल्या विद्यार्थी मंडळाचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? शाळा सुरू झाल्यावरची निवडणूक, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलेला फळा. त्या फळ्यावर मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, क्रीडामंत्री, सफाईमंत्री अशी नावे. मी ज्या हायस्कुलात शिकलो तिथेही असा फळा होता आणि दहावीच्या वर्षी मी मुख्यमंत्री होतो. अक्षर बरे होते, घरात चार पुस्तके होती, एवढीच माझी लायकी. सफाईमंत्री मात्र दर वर्षी एकाच वस्तीतला मुलगा असे. निवडणूक अगदी रीतसर, हात वर करून होई. तरीही तो त्याच वस्तीतला निघे. मला तेव्हा त्यात काही वावगे दिसले नाही. हे कबूल करूनच आजच्या विषयाला हात घालतो.

आता शंभर-सव्वाशे वर्षे मागे चला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली ती या वसतिगृहांमुळे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जात तितकी पंगत, हे त्यात राहिलेच.

भाऊराव पाटील यांनी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातले दिवस पाहिले होते. त्यांनी 1919 साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. हे वसतिगृह सर्व जातींच्या मुलांचे, एकाच छपराखालचे. 1927 च्या फेब्रुवारीत गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. म्हणजे पाहा, वेगळ्या पंगती मोडणाऱ्या घराला नाव लाभले तेही शाहू महाराजांचेच!

या घरात पैशाची ओढाताण कायमची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या जेवणापायी गेले. तेव्हा पाणी भरणे, लाकडे फोडणे, स्वयंपाक करणे, भांडी घासणे ही कामे मुलांनीच पाळीपाळीने करायची. वाचायला हे सोपे वाटते. पण ज्या घरच्या पाणवठ्यावर दुसऱ्याची सावली चालत नव्हती, त्या घरचा मुलगा इथे त्याच दुसऱ्याच्या हातचे खाई. आणि भाकरी करपली म्हणून कुरकूर करावी, तर उद्या आपली पाळी आहे हेही त्याला आठवावे लागे. जातिभेद वाईट आहे असे सांगणारी भाषणे त्या काळी पुष्कळ झाली. चुलीपुढची ही पाळी मला त्या भाषणांहून जड वाटते.

साताऱ्याच्या त्या वसतिगृहाची आठवण लोक काढतात ती पंगतीसाठी. मुलांच्या सभा-निवडणुकांसाठी नव्हे. ती बाजू पाहायची तर वर्ध्याकडे जायला हवे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. सेवाग्रामात आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने संघाची शाळा वाढवली. पुढे 'उत्तर बुनियादी' म्हणजे आपल्या हायस्कुलाच्या वयाच्या मुलामुलींचे वर्ग निघाले. तिथे मुलांची आमसभा असे आणि सभा आपले मंत्री निवडी. कुणी स्वयंपाकाचा, कुणी सफाईचा, कुणी आरोग्याचा.

स्वयंपाकाचा मंत्री म्हणजे फळ्यावरचे नाव नव्हे, बरं का. धान्य किती लागले, माणशी खर्च किती बसला, पोटात सकस अन्न गेले की नुसतेच पोट भरले, हे त्याने पाहायचे आणि सभेपुढे मांडायचे. सभेत बसलेली मंडळी तेच जेवण जेवलेली! अशा श्रोत्यांपुढे थाप चालत नाही.

सफाईचे तर मुद्दाम सांगायला हवे. मैला काढणे, त्याचे खत करणे हे काम तिथे सगळ्यांच्या वाट्याला येई, शिक्षकांच्याही. त्यामुळे सफाईमंत्री कोण, यावरून कुणाची जात कळत नसे. (आज कुणी ठराविक मुलांकडून संडास धुऊन घेत असेल आणि वर सेवाग्रामचा दाखला देत असेल, तर त्याने आधी गुरुजींची पाळी कधी असते ते सांगावे.)

1952-53 च्या मुदलियार आयोगानेही माध्यमिक शाळांत शिस्तीच्या कामी विद्यार्थ्यांचे स्वशासन असावे असे सुचवले. आपल्यापैकी पुष्कळ शाळांनी त्यातले मंडळ तेवढे उचलले, काम ठेवून दिले. सेवाग्रामची ती शाळाही पुढे बंद पडली. 2005 साली तिथे आनंद निकेतन या नावाने पुन्हा शाळा सुरू झाली.

गुरुजी, तुम्ही म्हणाल, आमची शाळा काही वसतिगृह नव्हे. मुले पाच वाजता घरी जातात. खरे आहे. पण आठवीपर्यंत पोषण आहार शिजतोच ना? तांदूळ किती आला, किती शिजला, याची वही मुलांच्या हाती द्या. वाढायचे काम पाळीने द्या. खेळाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली द्या. सहलीची वर्गणी ज्याला जमत नाही त्याचे काय करायचे, हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. आपल्याला सुचणार नाहीत असे मार्ग ती काढतात. आणि माझे ऐकाल तर निम्म्या जागा तरी मतांनी भरू नका, हजेरीपटाच्या क्रमाने भरा. मतांत मोठ्या भावकीचा मुलगा निवडून येतो, आणि मुलींचे नाव तर कुणी घेतच नाही. हजेरीपटात सगळ्यांचीच पाळी येते.

मी मुख्यमंत्री होतो त्या वर्षी साऱ्या किल्ल्या शिपायाच्या कमरेला होत्या आणि झाडू त्या एका मुलाच्या हातात. त्याचे अक्षर माझ्याहून चांगले होते. निरोप समारंभाच्या दिवशी फळ्यावर लिहायला दुसरे कुणी सापडले नाही म्हणून त्याला खडू दिला, तेव्हा ते आम्हाला कळले.