मुळशीचे एक घर आणि त्याची तुळई

मुळशी तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर दुरुस्तीस काढले, तेव्हा इतिहासाचा विचार आमच्या मनात मुळीच नव्हता. पडवीची कौले खचली होती, माजघराच्या भिंतीला ओल होती आणि मृगापूर्वी काम उरकावयाचे होते, एवढेच. परंतु सुताराने माळ्याखालची तुळई मोकळी केली आणि आम्ही थबकलो. त्या ऐनाच्या तुळईत तीन खाचा अशा निघाल्या, की ज्यांच्याशी या घरातल्या एकाही खांबाचा मेळ बसेना. लाकूड पूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी घरात होते, हे उघड झाले. ‘हे पाण्यातल्या गावचं लाकूड,’ असे आमची आजी म्हणे. आम्ही ते म्हातारपणाचे बोलणे समजून सोडून दिले होते.

पाण्यातले गाव म्हणजे काय, हे मावळात कोणाला सांगावे लागत नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून सह्याद्रीच्या पश्चिमेस भिरा येथे उतरवावयाचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना. सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार दिला. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. जमिनीचे अनेक मालक पुण्याचे सावकार. त्यांना मोबदल्याचा हिशेब पटण्यासारखा होता. जो त्या जमिनीवर राबत होता आणि त्याच मातीच्या भिंतींत राहत होता, त्याला तो पटणे कठीणच. 1924 अखेर लढा मोडला, 1927 साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

शेताचा मोबदला रुपयांत मांडता येतो. घराचे मात्र लाकूड तरी वाचवता येते. आमच्या तुळईचा कागद नाही. पण खाच हाही एक प्रकारचा दस्तऐवज आहे, आणि तो आम्ही जवळजवळ फेकून देणार होतो. सुतार लोखंडी गर्डर टाका म्हणत होता, आणि त्याचे चूक नव्हते. एका टोकाला वाळवी लागली होतीच. शेवटी सडका हातभर भाग कापून तिथे नवे लाकूड जोडले आणि खाली एक खांब वाढवला. हे स्वस्त पडले असे कोणी समजू नये.

ओलीचे कारण मात्र आमच्याच घराण्याच्या शहाणपणात सापडले. मागच्या पिढीत कोणीतरी दगडमातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला होता. जोत्यातून वर येणारी ओल पूर्वी मातीतून सुकून जाई. सिमेंटने तिची वाट बंद केली, म्हणून ती आत फिरली. गिलावा छिन्नीने काढला, भाताचे तूस घालून मळलेली माती लावली आणि वर चुना दिला. ताम्हिणीकडच्या पावसात अशी भिंत टिकते ती वळचण लांब असली तरच. म्हणून पडवीचे वासे हातभर पुढे काढले. मागच्या कुडासाठी कारवी हवी होती. ती दर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. वाळलेली कारवी ओळखणारा एक म्हातारा गावात होता. त्याच्याशिवाय आमचे काम अडले असते.

घरात राहू लागलो ते आषाढात. पहिल्या रात्री कौलांवर पाऊस इतका वाजला, की बोलणे ऐकू येईना; मुले घाबरली, आम्हीही थोडे घाबरलोच. तीन ठिकाणी गळले. भिंत मात्र कोरडी राहिली.

पुढे विजेची दुरुस्ती करणारा आला. तुळईतली रिकामी खाच पाहून तो म्हणाला, तार यातूनच नेऊ, वेगळे भोक नको. आम्ही त्याला तार भिंतीकडेने न्यावयास सांगितले.