पिंपरी-चाकण पट्ट्याची शेड

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना लोक कारखान्यांची नावं घेतात. माझं आयुष्य भोसरीच्या गाळ्यांत वाहनांच्या सुट्या भागांवर रंग मारण्यात गेलं. मला हा इतिहास रंगांच्या शेडवरून आठवतो.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांचं जॉबवर्क करणारे आमच्यासारखे गाळे. तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. मिळेल तो रंग गिऱ्हाईक आनंदाने घरी नेई. तरीही डिकीची शेड बॉडीशी जुळलीच पाहिजे, असा आमच्या उस्तादांचा आग्रह असे.

मोजायला यंत्र नव्हतं. उस्तादांनी डोळा घडवला. ते सांगत: पिवळा गडद करायला काळा टाकू नकोस, हिरवट होईल. लालात पांढरा घातलास तर तो फिका होतो, शिवाय थंडही पडतो. ओल्या रंगावर निकाल देऊ नकोस. पत्र्यावर मार, भट्टीत भाज, निवू दे, मग नमुन्याच्या मास्टर पॅनेलशेजारी धर. आणि उन्हात ने. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन भाग बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं निराळी असतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, गिऱ्हाईक रंग निवडू लागलं आणि मेटॅलिक शेड सगळीकडे पसरल्या. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते पत्र्यावर कसे बसतात यावर शेड ठरते: कोरडा फवारा उजळ दिसतो, ओला गडद. एकाच डब्यातून दोन पेंटर दोन शेड काढतात. स्प्रे गनचं अंतर, हवेचा दाब, थिनर, हाताचा वेग, सगळं ताब्यात ठेवावं लागतं.

रंग ताब्यात ठेवण्याची ही धडपड जुनी आहे. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ सालच्या पुस्तकात रंगाचे तीन गुण मांडले: छटा, उजळपणा आणि तीव्रता. चित्रकला शिकवताना त्यांना रंग नेमकेपणाने सांगायचा होता. आज चाकणच्या पेंट शॉपमध्ये रोबो गन चालवतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगातला फरक आकड्यात दाखवतो, त्यामागे हीच गरज आहे.

तरी अडचण उरतेच. पत्र्याची बॉडी साधारण १४० अंशांवर भाजते. प्लॅस्टिकच्या बंपरला ती उष्णता सोसत नाही, म्हणून त्याचा रंग वेगळा, भट्टीही वेगळी. दोन्ही एकाच गाडीवर शेजारी येतात. आकडा पास झाला तरी कडेने पाहिल्यावर फरक ओळखतो तो माणूसच.

म्हणून या पट्ट्यातल्या आयटीआयना आणि कंपन्यांच्या ट्रेनिंग सेंटरना माझी विनंती आहे: मुलांच्या हाती यंत्र देण्याआधी त्यांना हाताने शेड बनवायला शिकवा, आणि जुने पेंटर हयात आहेत तोवर त्यांचं ज्ञान लिहून घ्या.